पुराच्या गाळाखालचं गोडं पाणी

माझ्या मामांची दोन एकर काळी जमीन एका उन्हाळ्यात मेली. तिच्याविषयी मी एक बातमी दिली होती. ती छापून आली, पण शेवटच्या परिच्छेदाशिवाय. पुढे जे घडले ते त्या परिच्छेदात होते.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षे झाली होती. मी मलकापुरात एका दैनिकाचा वार्ताहर होतो. कापसाची आवक, गाड्यांचे उशीर, सभा, आगी, सत्कार अशा बातम्या मी पाठवत असे. मामांचे गाव सोनाळ्याच्या खाली, पूर्णेच्या अंगाला होते. सोनाळ्याला सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी, त्यामुळे विहिरी गोड्या. तिथून बैलगाडीने दोन-अडीच तास दक्षिणेला उतरले की खारपाणपट्टा सुरू होतो. जमीन तीच, काळीभोर, हातात घेतली तर लोण्यासारखी. तिच्या पोटातले पाणी मात्र खारे.

त्या पट्ट्यात नव्या विहिरीचे पाणी नुसत्या जिभेने तपासत नाहीत. जीभ खाऱ्याला सरावलेली असते, तिच्यावर कोणाचा भरवसा नसतो. तुरीची डाळ शिजवून पाहतात. वाईट पाण्यात डाळ दुपारपर्यंत उकळली तरी दाणा दाण्यात मिसळत नाही. डाळ शिजली की पाणी गोडे, हा तिथला कायदा. मुलगी देण्यापूर्वी सोयरे जमिनीआधी हेच विचारत, की तुमच्या विहिरीवर डाळ शिजते का.

मामांचा दोन एकरांचा मळा नाल्याकाठी होता. तिथल्या उथळ विहिरीला पावसाचे मुरलेले गोडे पाणी असे, ते माघात आटे. तोवर वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर निघे आणि सोनाळ्याच्या बाजारात जाई. मग पाच महिने मळा उघडा पडे. मामांना उन्हाळी भाजी हवी होती, म्हणून त्यांनी मळ्याच्या वरच्या अंगाला नवी, खोल विहीर खणायला घेतली.

ती कुठे आणि किती खोल खणायची, हे मास्तरांनी सांगितले होते.

मास्तर जिल्ह्यातल्या एका मिशनच्या शाळेत शिकून ख्रिस्ती झालेले. गावच्या शाळेत त्यांची सारी नोकरी गेली आणि निवृत्तीनंतरही ते गावातच राहिले. मामांना आणि मला त्यांनीच पाटीवर अक्षरे गिरवायला लावली. धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा वाद झाला की लोक तलाठ्याआधी मास्तरांना बोलवत, कारण त्यांनी दोरी धरली की वीतभराचीही चूक होत नसे. ते खोटे बोलल्याचे कोणी ऐकले नव्हते. पृथ्वीचे वय सहा हजार वर्षे आहे, असे ते सांगत. त्यांच्या धर्मशास्त्रातल्या पिढ्या त्यांनी स्वतः मांडून बेरीज केली होती. पूर एकदाच आला, तो सगळ्या पृथ्वीवर आला आणि वर्षभर राहिला. सातपुड्यापासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत जो गाळ पसरला आहे तो त्या एका पुराचा, आणि पाण्यातले मीठ त्या समुद्राचे. गाळ संपला की खाली पुरापूर्वीची पहिली जमीन लागेल आणि तिचे पाणी गोडे असेल. हे ते तेवीसच्या पाढ्यासारखे सांगत, आवाज न चढवता.

विहीर अठरा हात गेली असताना सरकारी भूगर्भशास्त्रज्ञ गावात आले. जिल्ह्यातल्या विहिरींची पाहणी करायला ते नागपुराहून निघाले होते. वय तिशीचे, खांद्याला पिशवी, तीत हातोडी आणि बाटल्या. मी त्यांच्याबरोबर होतो, कारण मला बातमी हवी होती. विहिरीवर वीस-पंचवीस माणसे जमली.

"किती खोल जायचं ठरवलंय?" साहेबांनी विचारले.

"मास्तर सांगतीन तिथलोक," मामा म्हणाले.

साहेब मास्तरांकडे वळले. मास्तरांनी पुराचे सगळे सांगितले. साहेबांनी ते मध्ये न बोलता ऐकले.

"हा गाळ एका पुराचा नाही," ते म्हणाले. "नदीनं तो थोडा थोडा आणून टाकलाय. लाखो वर्षं लागली असतील."

"लाखो वर्षं कोणी मोजली?"

"तुमची सहा हजार कोणी मोजली?"

"मी मोजली," मास्तर म्हणाले. "पाटीवर."

लोक हसले. गावचे जोशी मागे उभे होते. ते म्हणाले, "मास्तर, सहा हजारात आमच्या कलियुगाचं सरलेलं तेवढं मावते. आमी रोज संकल्पात कोटीनं मोजतो. साहेब, तुमचे लाख बी कमीच पडले ना बाप्पा."

आणखी हशा झाला. साहेब हसले नाहीत. ते दोर धरून विहिरीत उतरले आणि थोड्या वेळाने त्यांनी मामांना खाली बोलावले. मामांमागून मीही उतरलो. चौदा हातांवर एका कडेला पिवळ्या मातीत वरून खाली निमुळत्या होत गेलेल्या काळपट पट्ट्या होत्या. कोणी पाचर ठोकावी तशा.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारले.

मामांनी पट्टीत बोट घातले. आतली माती वेगळी होती, भुसभुशीत. त्यांनी दुसऱ्या पट्टीत बोट घातले, मग तिसऱ्या.

"भेगा होत," ते म्हणाले. "वावर फाटते उनायात, तशा."

"तुम्ही किती खोलावर उभे आहात?"

मामा वर पाहू लागले. वर आभाळाचा थाळीएवढा तुकडा होता.

"इथं एकदा उघडी जमीन होती," साहेब म्हणाले. "ती उन्हात फाटली. भेगांत माती भरली. मग तिच्यावर हे चौदा हात साचलं. खाली अशा आणखी जमिनी सापडतील. पाण्यात बुडालेल्या जमिनीला भेगा पडत नाहीत, हे मी तुम्हाला सांगायला नको."

लाख हा आकडा मी वर ऐकला तेव्हा तो नुसता आकडा होता. इथे माणसाच्या डोक्यावर चौदा हात माती होती आणि तिच्याखाली कोणता तरी वैशाख होता, ज्यात सावलीला बसायला माणूस नव्हता.

आम्ही वर आल्यावर मास्तर म्हणाले, "मी पाहतो." साठी उलटलेल्या माणसाने उतरू नये असे सगळ्यांनी सांगितले, तरी ते उतरले. बराच वेळ खाली होते. वर आले तेव्हा धोतराला पिवळी माती लागली होती.

"भेगा आहेत," ते म्हणाले. "का आहेत ते मला माहीत नाही."

"मग?" साहेबांनी विचारले.

"मग काही नाही. पूर एकच आला."

साहेबांनी मामांना तीन गोष्टी सांगितल्या. इथे थांबा. खाली जाल तसे पाणी बिघडत जाईल. नाल्यावर मातीचा बांध घाला आणि जुनी उथळ विहीरच रुंद करा. मग ते पुढच्या गावाला गेले.

संध्याकाळी मी मामांना विचारले, आता काय करणार. मामी चुलीपाशी होत्या. त्या म्हणाल्या, "तुमचे मामा भेगा पाह्यल्यापासून जेवले नाई."

"जेवलो ना," मामा म्हणाले.

"अर्धी भाकर."

मामा माझ्याकडे वळले. "पाह्य बाबू. भेगा होत्या, हे खरं हाय. म्या बोट घातलं. पन साहेब एका दिसाचे, मास्तर जलमाचे. मास्तरानं मले आजलोक चुकीचं सांगतलं नाई. म्या कायले थांबू?"

खोदकाम चालू राहिले. भेगांचा आणखी एक थर सव्वीस हातांवर लागला. तो मास्तरांनी स्वतः लोकांना दाखवला आणि त्याचे माप वहीत लिहून ठेवले.

त्रेचाळीस हातांवर जाड वाळू लागली आणि पाणी आले. ते जोरात आले आणि दोन दिवसांत वीस हात वर चढले. माघ सरत होता. निरोप मिळताच मी मलकापुराहून गेलो. पाणी मी चाखले. खारे नव्हते, मचूळ होते. गावातल्या इतर विहिरींच्या मानाने ते पाणी म्हणायला हरकत नव्हती.

मळ्यातच तीन दगडांची चूल मांडली. मामींनी तुरीची डाळ धुतली आणि नव्या पाण्यात चढवली. सगळे गाव भोवती बसले. सोनाळ्याच्या पाण्यात जेवढा वेळ लागतो, त्याच्या निम्माही गेला नसेल. मामींनी पळीने डाळ उचलून पाहिली, मग पळी तशीच धरून ठेवली.

"काय झालं?" मामांनी विचारले.

"घोटाची बी गरज नाई," मामी म्हणाल्या. "मेन झालं हिचं."

खारपाणपट्ट्यात जन्म गेलेली माणसे होती ती. अशी डाळ त्यांनी आपल्या गावाच्या पाण्यात पाहिली नव्हती. पळी हातोहात फिरली. मास्तरांनी टोपी काढली आणि डोळे मिटून उभे राहिले. मी भेगांवर विश्वास ठेवला होता. पळी माझ्याकडे आली तेव्हा त्या विश्वासाचे काय करावे ते मला समजेना.

"जोशीबुवा," मामी म्हणाल्या, "तुमचे कोटी आता पोथीतच ठेवा."

"ठेवतो माय," जोशी म्हणाले. "पयले वरन वाढ."

दुसऱ्या दिवशी मी पाण्याची बाटली घेऊन मलकापुरास परतलो. साहेब दौरा संपवून नागपूरच्या गाडीची वाट पाहत फलाटावर बसले होते. मी त्यांना बाटली दिली आणि डाळीची हकिकत सांगितली. तुमचे म्हणणे खोटे ठरले, असे मला म्हणायचे होते. तसे म्हटले नाही.

"किती वेळात शिजली?" त्यांनी विचारले.

मी सांगितले. त्यांनी बूच काढले, थोडे पाणी तळहातावर घेतले आणि दोन बोटांत चोळले. मग माझ्या बोटांवर ओतले. "चोळा."

पाणी बुळबुळीत होते, साबणाचा हात धुताना शेवटी लागते तसे.

"ह्यात सोडा आहे," ते म्हणाले. "खार दोन प्रकारचे असतात. एका खारानं डाळ शिजत नाही. दुसऱ्यानं अशी शिजते. धोब्याचा सोडा पातेल्यात टाकला तर तुमची डाळ आणखी लवकर शिजेल. मला चव खारी लागेल असं वाटलं होतं, ते माझं चुकलं. पण हे त्याहून वाईट आहे. खाऱ्या पाण्याला लोक घाबरतात, ह्याला घाबरणार नाहीत. मामांना सांगा, माझा अहवाल येईपर्यंत हे पाणी जमिनीला द्यायचं नाही. एक पाळी ओलित झालं तर झालं. सगळा उन्हाळा दिलं तर ती जमीन पाणी प्यायची बंद होईल. आजच कळवा."

मी कळवतो म्हणालो. गाडी आली, ते गेले.

त्या दुपारी मी बातमी लिहिली. शिकवल्याप्रमाणे लिहिली, म्हणजे सर्वांत लक्षवेधी गोष्ट वर आणि बाकीच्या उतरत्या क्रमाने खाली. वर विहीर, पाणी, डाळ. मग मास्तरांचे मत. मग भेगा. शेवटच्या परिच्छेदात साहेबांचा इशारा, त्यांच्याच शब्दांत. गावाला पत्र लिहिले नाही. मामांच्या गावी दैनिक एका दिवसात पोचे आणि चावडीवर मोठ्याने वाचले जाई. पत्राला तीन दिवस लागत. लिहिले म्हणजे कळवले, हा आमच्या धंद्यातला समज आहे आणि तो मी तेव्हा तपासून पाहिला नव्हता.

बातमी दुसऱ्या दिवशी आली. मथळा कचेरीने दिला होता: ‘जलप्रलयाच्या गाळाखाली गोड्या पाण्याचा झरा’. जागा कमी पडली की मजकूर खालून कापतात. शेवटचा परिच्छेद नव्हता. मी कचेरीला चिठ्ठी पाठवली, की राहिलेला भाग घ्यावा. तो घेतला गेला नाही. त्याच आठवड्यात बाजार समितीची निवडणूक लागली. होळीला गावी जाईन तेव्हा सांगू, असे मी ठरवले. होळीला गेलो नाही.

साहेबांचा अहवाल चैत्राच्या शेवटी माझ्या पत्त्यावर आला. फलाटावर जे बोलले तेच त्यात आकड्यांत होते. मी दुसऱ्या दिवशी निघालो.

मळा लांबून दिसला तेव्हा मला वाटले, मामांनी राख टाकली आहे. जमिनीवर पांढरट खरपुडी होती आणि तिच्यात काळे, तेलकट डाग होते. वांग्यांची पाने कडेने जळत आत आली होती. भेंडी वीतभर होऊन थांबली होती. शेजारच्या कोरडवाहू वावरांत हात जाईल एवढ्या भेगा होत्या. मामांच्या मळ्यात एकही भेग नव्हती. मी टाच मारून पाहिली. वर पत्र्यासारखे कडक आणि खाली चिखल. ती काळी माती राहिली नव्हती.

मामा मोटेजवळ उभे होते. "पानी पेतच नाई," ते म्हणाले. "वरच्या वर राह्यते. म्या इचार केला का कमी पडून राह्यलं, म्हनून अजून देल्लं."

"किती वेळा दिलंत?"

"दर चौथ्या दिसाले. तुह्यी बातमी आली त्या दिवसापासून."

मास्तरही तिथे होते. चावडीवर ती बातमी त्यांनीच वाचून दाखवली होती. मी दोघांना साहेबांनी फलाटावर सांगितलेले सगळे सांगितले. शेवटचा परिच्छेद होता, तो कापला गेला आणि मी पत्र लिहिले नाही, हेही त्याच क्रमाने सांगितले. मामींनी पदर तोंडाशी धरला.

मास्तर म्हणाले, "म्हणजे इशारा होता."

"होता."

"मला मिळाला असता तर मी वाचला असता. पाणी देऊ नका म्हणून मीच सांगितलं असतं."

"हो."

मास्तरांनी खरपुडीचा एक तुकडा उचलून चुरला. मग म्हणाले, "पण पाणी खारं नव्हतं. पुराचं म्हणणं त्यानं खोटं पडत नाही."

मामांनी मान वर केली. त्यांच्या आवाजात राग नव्हता, ते मला जड गेले.

"मास्तर, तुमचा पूर तुमच्याजवळ राहू द्या. माह्या वावराचं सांगा."

"वावराचं मला सांगता येत नाही," मास्तर म्हणाले. मग मामा मला म्हणाले, "एक कारड टाकलं असतं तं झालं असतं ना बाबू." एवढेच. त्यानंतर त्यांनी कार्डाचा विषय माझ्याशी काढला नाही.

साहेबांनी पत्राने उपाय कळवला होता. जिप्सम नावाच्या खनिजाची भुकटी जमिनीत मिसळायची, वाफ्यात पावसाचे पाणी कोंडायचे आणि ते मुरले की खार खाली धुऊन जाईल. पाणी मुरते का, हे आधी पाहायचे. जिप्समसाठी अर्ज केला. आषाढ आला तरी ते आले नव्हते. मामांनी मळ्याभोवती बांध घालून पाणी कोंडले. वीतभर उंच पाणी उभे राहिले. मग आठ दिवस उघडीप पडली आणि ऊन तापले.

मामांनी मध्यभागी एक तुऱ्हाटी, म्हणजे तुरीची वाळकी काठी, रोवून पाण्याच्या पातळीला खूण केली होती. पाचव्या दिवशी पाणी खुणेच्या दोन बोटे खाली होते.

"पेऊन राह्यली," मामा म्हणाले.

मी आदल्या दिवशीच आलो होतो. ते उन्हाने उडाले असेल, हे मला कळत होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात मास्तरांनी बांधाच्या मागे बोट दाखवले. तिथे उघड्यावर त्यांच्या घरची पितळी परात होती, पाण्याने भरलेली. त्यांनी ती मामांच्या तुऱ्हाटीच्याच दिवशी आणून ठेवली होती आणि आतल्या अंगाला कोळशाने रेघ ओढली होती. ते खाली बसले. त्यांनी आधी परातीत बोटे लावली, मग धोतर वर घेऊन पाण्यात चालत तुऱ्हाटीपाशी गेले आणि तिथे लावली. परत येऊन त्यांनी परातीत पुन्हा मोजले.

"परातीत दोन बोटं," ते म्हणाले. "वावरात दोन बोटं."

"म्हनजे?"

"परातीला बूड आहे. तिच्यातलं पाणी उन्हानं गेलं. तुमचंही तेवढंच गेलं." त्यांनी बोटे धोतराला पुसली. "जमीन काही प्यालेली नाही."

मामा बांधावर बसले. मळ्यातल्या पाण्यात ढगाचा एक तुकडा हलत होता. मग त्यांनी मला विचारले, "साहेब किती वर्सं म्हने?"

"जिप्सम मिळालं तर सात-आठ," मी म्हणालो. "नाही मिळालं तर सांगता येत नाही म्हणाले. कदाचित कधीच नाही."

"आता कापलं तं नाई ना काही?"

"नाही. एवढंच आहे."

मामा उठले, पाण्यात उतरले आणि तुऱ्हाटीवर नव्या पातळीला नखाने खूण केली. मास्तरांनी परातीत कोळशाची दुसरी रेघ ओढली.